हिवाळ्यातली हवा आणि मुलांची छाती: घर, रस्ता, शाळा आणि पंप

दिवाळी सरली की मुंबई-पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे एकाच तक्रारीची रांग लागते. रात्रभर खोकतोय, छाती घरघरतेय, औषधाचा कोर्स झाला तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. घरात दोष थंडीला दिला जातो. दही बंद होतं, केळी बंद होतात, कानटोपी चढते. पोर श्वासावाटे काय आत घेतंय, हे मात्र सहसा कोणी बघत नाही.

पावसाळ्यात हवा धुऊन निघते. ऑक्टोबरनंतर वारा पडतो, रात्री जमीन लवकर गार होते आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून बसते. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कचऱ्याच्या आणि शेकोट्यांच्या जाळाचा धूर, सगळं त्या खालच्या थरात साठतं. मुंबईला एरवी खाऱ्या वाऱ्याचा आधार असतो. हिवाळ्यात तो उशिरा सुटतो आणि त्यात जोरही नसतो. चंद्रपूर-घुग्घूसच्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र आहेत, त्यामुळे तिथे हे दिवस आणखी कठीण जातात.

मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, दोन-तीन वर्षांचं मूल २० ते ४० वेळा. वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतं. खेळताना ते तोंडाने श्वास घेतं, म्हणजे नाकाची गाळणीही टळते. शिवाय फुप्फुसं अजून वाढत असतात, आणि ती वाढ विशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. जास्त प्रदूषित गावांतल्या मुलांच्या फुप्फुसांची ताकद १८व्या वर्षी कमी भरली, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. पुढे तिथली हवा सुधारली आणि नंतरच्या मुलांची फुप्फुसं अधिक चांगली वाढली, हे २०१५ साली. या दुसऱ्या निष्कर्षावर माझा फार भर आहे. हवेतला धूर कमी झाला की मुलाच्या शरीरात फरक पडतो.

शहराची हवा एकट्या आईबापांना बदलता येत नाही. पण दिवसभरात आपल्या मुलाच्या छातीत किती धूर जातो, त्यातला बराच भाग आपल्या हातात असतो. पुढच्या पायऱ्या मी त्याच हिशेबाने लावल्या आहेत. ज्याने जास्त फरक पडतो आणि खर्च कमी येतो, ते आधी.

पहिली पायरी: घरातला धूर बंद करा

बाहेरच्या हवेवर तावातावाने बोलणाऱ्या घरांतही संध्याकाळी कासवछाप पेटते. डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी, रात्रभर. कॉइल बंद करणं ही या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी गोष्ट आहे. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. लिक्विडच्या मशीनमधून धूर येत नाही हे खरं, पण त्यातही कीटकनाशक असतंच. तान्ह्या बाळासाठी मच्छरदाणीच चांगली.

आता धुरीबद्दल. आपल्याकडे बाळाला तेल लावून, अंघोळ घालून निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकून धुरी देतात. आजी हे मायेने करते, तिच्या आजीनेही तेच केलेलं असतं. पण आठ-दहा दिवसांच्या बाळाच्या श्वासनळ्या अतिशय अरुंद असतात आणि त्या धुरात जळत्या लाकडाच्या धुरातले तेच कण आणि वायू असतात. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकशेगडी ठेवण्यात दुसरा धोका आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि तो जीवावर बेततो. घरातल्या मोठ्यांशी वाद घालू नका. तेल, मालीश, कोमट पाणी, उबदार कपडे हे सगळं जसंच्या तसं ठेवा, फक्त धूर वगळा. अडलंच तर डॉक्टरांना आजीसमोर सांगायला लावा, त्याचा उपयोग होतो.

देवघरातली उदबत्ती आणि धूप यांनाही हाच नियम. पूजा करायची असेल तर समईची वात पुरेशी आहे. उदबत्ती लावायचीच असेल तर एकच, खिडकीशी, आणि मूल त्या खोलीत नसताना. घरात कोणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर "गॅलरीत जाऊन ओढतो" याने काम भागत नाही. धूर दारातून आत येतो, कपड्यांवर बसतो.

गावाकडे चूल आणि बंब हे मोठे स्रोत. २०२१ साली जगभरात पाच वर्षांखालच्या सुमारे ७ लाख मुलांच्या मृत्यूंमागे हवेचं प्रदूषण होतं, आणि त्यातली ५ लाखांहून जास्त मुलं स्वयंपाकाच्या धुराची बळी होती. सिलिंडर घरात आलेला असतो, पण भाकरी आणि पाणी तापवणं चुलीवरच राहतं, कारण सिलिंडर महाग पडतो. तसं असेल तर निदान एवढं करा: लहान मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका, चूल आणि बंब पडवीत किंवा अंगणात न्या, सरपण वाळलेलं वापरा. बंबात प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, टायरचे तुकडे कधीही टाकू नका. त्यातून निघणारा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो. शहरातल्या गॅसच्या ओट्यावरही फोडणीचा आणि तळणीचा धूर होतोच. तळण चालू असेपर्यंत एक्झॉस्ट फॅन लावा, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या.

दुसरी पायरी: आकडा वाचायला शिका

हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर मिळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची 'सफर' यंत्रणा मुंबई-पुण्याचा अंदाजही देते. आपल्याकडची पट्टी अशी: ५०पर्यंत चांगली, १००पर्यंत समाधानकारक, २००पर्यंत मध्यम, ३००पर्यंत खराब, ४००पर्यंत अतिशय खराब, त्यापुढे गंभीर.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण बरेच पालक याच ठिकाणी फसतात. एक, सरकारी आकडा सहसा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. शेजारच्या प्लॉटवर आत्ता कचरा पेटला तर तो आकड्यात लगेच दिसणार नाही, नाकाला मात्र कळेल. अशा वेळी नाकावर विश्वास ठेवा. दोन, 'समाधानकारक' या शब्दाने फार निर्धास्त होऊ नका. पीएम २.५ हे सर्वांत बारीक आणि फुप्फुसांत खोलवर जाणारे कण. भारताची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५. म्हणजे हवेत ६० मायक्रोग्रॅम असले तर आपल्या पट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि शेरा 'समाधानकारक' मिळतो. तीच हवा अमेरिकी पट्टी वापरणाऱ्या ॲपवर दीडशेच्या घरात दिसते. दोन ॲपचे आकडे जुळत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच आहे. एकच ॲप धरा, घराजवळचं केंद्र निवडा आणि शक्य असेल तिथे पीएम २.५चा आकडा बघा.

मी सुचवेन तो व्यवहार असा. १००च्या आत मूल मोकळं खेळू द्या. १०० ते २००मध्ये निरोगी मूल खेळेल, पण दमेकरी मुलाला सकाळची जोराची धावपळ नको आणि दप्तरात पंप, म्हणजे दम्याचा इनहेलर, हवा. २००च्या वर गेलं की सगळ्याच मुलांचा मैदानी सराव कमी करा, किंवा दुपारवर ढकला. ३००च्या वर मैदान बंद, कॅरम-बुद्धिबळ चालू. मात्र वर्षभर मुलाला घरात कोंडून ठेवणं हा उपाय नाही. न खेळणाऱ्या मुलाची छातीही कमजोरच राहते.

तिसरी पायरी: वेळ आणि खिडक्या

हिवाळ्यात पहाट ताजी असते ही आपली समजूत शहरांत उलटी पडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून सकाळी साधारण नऊपर्यंत आणि पुन्हा रात्री उशिरा हवा सर्वांत जड असते. ऊन चढलं की वरचा थर फुटतो आणि दुपारी बारा ते चारच्या सुमारास हवा त्यातल्या त्यात बरी होते. म्हणून खिडक्या दुपारी सताड उघडा, पहाटे आणि रात्री लावून घ्या. घर हमरस्त्याला लागून असेल तर रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागची उघडा. क्रिकेटचा किंवा धावण्याचा सराव सकाळी साडेसहाला असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो संध्याकाळी चारला घ्यायला प्रशिक्षकांना विनंती करा. चार पालक मिळून गेलात तर ऐकलं जातं.

झाडू मारताना बारीक धूळ उडते आणि तासभर हवेत तरंगते. आधी ओल्या फडक्याने पुसा. बांधकामाशेजारी राहत असाल तर खिडकीच्या कट्ट्यावर आणि पंख्याच्या पात्यांवरही ओलं फडकं फिरवा.

एअर प्युरिफायर घ्यायचा का, हा प्रश्न हमखास येतो. कॉइल, उदबत्ती, सिगारेट बंद केल्याशिवाय घेऊ नका, पैसे वाया जातील. घरात दमेकरी मूल असेल आणि परवडत असेल तर त्याच्या झोपण्याच्या खोलीपुरता घ्या, कारण तिथे ते आठ-दहा तास असतं. जाहिरातीकडे बघू नका, सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती हवा स्वच्छ करून देतं, हा आकडा बघा. हिशेब सोपा आहे: १० फूट बाय १२ फूट खोलीत साधारण ३३ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळली जायची तर ताशी १६५ घनमीटर सीएडीआर हवा. खरा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारी गाळणी, असावा. ओझोन सोडणारी किंवा नुसती आयन सोडणारी यंत्रं नकोत, ओझोन मुलाच्या श्वासनळ्यांना त्रासच देतो. फिल्टर बदलायचा खर्च आधीच विचारा. आणि घरातल्या मनी प्लांटवर, स्नेक प्लांटवर हवा गाळायची जबाबदारी टाकू नका. झाडं सुंदर असतात, पण चार कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही.

चौथी पायरी: शाळेचा रस्ता

गाड्यांचा धूर रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो आणि दीडशे-दोनशे मीटर आत गेलं की झपाट्याने विरळ होतो. शाळेत चालत जायला हमरस्ता आणि मागची गल्ली असे दोन पर्याय असतील तर गल्ली घ्या, पाच मिनिटं जास्त लागली तरी. स्कूटरवर लहान मूल पुढे उभं केलं की सिग्नलला त्याचं तोंड नेमकं पुढच्या रिक्षाच्या आणि टेम्पोच्या सायलेन्सरच्या पातळीला येतं. सिग्नलला ट्रकच्या मागे थांबू नका, थोडं अंतर सोडा.

शाळा सुटताना फाटकाबाहेर व्हॅन, रिक्षा आणि गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. हे बंद करायला पैसा लागत नाही, फक्त मुख्याध्यापकांचं एक पत्र आणि फाटकावरचा एक फलक लागतो. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत हा विषय मांडाच.

मास्कबद्दल थोडक्यात. कापडी मास्क, रुमाल, ओढणी हे बारीक कण अडवत नाहीत. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि मोठ्यांच्या मापाचा मास्क मुलाला बसत नाही. मुलांच्या मापाचा मिळाला तर ३००च्या वरच्या दिवशी प्रवासापुरता घाला. दोन वर्षांखालच्या बाळाला कोणताही मास्क नको.

पाचवी पायरी: दिवाळी आणि होळी

"मोठे फटाके नको, लहानग्यांना फुलबाज्या आणि सापाच्या गोळ्या द्या" असं प्रेमाने सांगितलं जातं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ साली सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत जास्त पीएम २.५ निघाले ते सापाच्या गोळीतून, घनमीटरला तब्बल ६४,५०० मायक्रोग्रॅम. त्याखालोखाल हजाराची माळ, पुलपुल, फुलबाजी, भुईचक्र आणि शेवटी अनार. मुलं साप बघायला अगदी वाकून बसतात, तोंडाशी धूर येईपर्यंत. तेव्हा आवाज नाही म्हणजे निर्धोक, हा हिशेब सोडून द्या. दमेकरी मुलाला फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून घरात ठेवा आणि त्याची रोजची औषधं दिवाळीच्या गडबडीत चुकवू नका. होळीला मूल वाऱ्याच्या दिशेने, धुराच्या झोतात उभं राहणार नाही एवढं बघा.

सहावी पायरी: दमा ओळखा, आणि त्याला दमा म्हणा

आपल्याकडे "कफप्रवृत्ती आहे", "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस आहे" असं वर्षानुवर्षं चालतं. दमा हा शब्द उच्चारला तर मुलीचं लग्न अडेल, अशी भीती आजही घरांत असते. त्या भीतीपायी मुलं अर्धवट श्वासावर वाढतात. पुढच्यातलं काही वारंवार दिसत असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, "हा दमा आहे का?" रात्री किंवा पहाटे येणारा खोकला. धावल्यावर, खूप हसल्यावर किंवा रडल्यावर येणारा खोकला. छातीतून शिट्टीसारखा आवाज. प्रत्येक सर्दी छातीत उतरून दोन-तीन आठवडे टिकणं. घरात कोणाला दमा, नाकाची ॲलर्जी किंवा इसब असणं.

श्वास मोजायला प्रत्येक पालकाला यायला हवं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचं कापड वर करा आणि पोटाचं वरखाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: हे जोराचे श्वास समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, कण्हणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, दूध किंवा पाणी पिता न येणं, मोठ्या मुलाला एक वाक्य सलग बोलता न येणं, सुस्ती. यातलं एकही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका. थेट रुग्णालय, किंवा १०८ला फोन. आधी घरघरणारी छाती एकाएकी शांत झाली आणि मूल मलूल पडलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. ती सर्वांत धोक्याची खूण आहे.

सातवी पायरी: पंप नीट द्या

"पंपाची सवय लागते" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की इथे स्पष्ट लिहिते: सवय लागत नाही. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून ते तोंडाने घ्यायच्या सिरपपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम करतं. दोन प्रकारचे पंप असतात. एक त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा. दुसरा रोज घ्यायचा, सूज आवरून त्रास होऊच न देणारा. घोटाळा असा होतो की आराम देणारा वापरला जातो आणि रोजचा, मूल जरा बरं दिसलं की, बंद केला जातो. ऐन नोव्हेंबरमध्ये हे करू नका.

मुलांना पंप कायम स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची पोकळ नळी, लावूनच द्यायचा, आणि साधारण चार वर्षांखालच्या मुलाला स्पेसरला मास्कही हवा. पंप जोरात हलवा. स्पेसरला जोडा. मास्क नाक-तोंडावर घट्ट धरा. एकदा दाबा. मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा आणि दुसरा पफ द्या. दोन पफ एकदम मारू नका. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फारसं पोचत नाही, म्हणून बरं असताना खेळाखेळात सराव करून ठेवा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, लहानग्याचं तोंड आणि गाल पुसा. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा. कापडाने आतून पुसला तर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं.

स्पेसर हाताशी नसेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप त्यात घट्ट बसवा, फटी चिकटपट्टीने बंद करा आणि मुलाला बाटलीच्या तोंडातून श्वास घेऊ द्या. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते.

'वाफेचं मशीन', म्हणजे नेब्युलायझर, घरोघरी विकत घेतलं जातं. बहुतेक वेळा पंप आणि स्पेसर तेवढंच काम करतो, कमी वेळात आणि विजेशिवाय. गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देऊ नका, भाजल्याच्या कितीतरी घटना अशाच घडतात. खोकल्याची सिरप दोन वर्षांखाली देऊच नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा, ही केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचीच सूचना आहे. मध चालतो, पण एक वर्षानंतरच. गूळ-फुटाण्याने फुप्फुसातली धूळ निघत नाही.

डॉक्टरांकडून कृती योजना कागदावर लिहून घ्या: रोज काय, त्रास सुरू झाला तर कोणता पंप किती पफ, आणि कोणत्या लक्षणाला रुग्णालय. एक प्रत फ्रिजवर, एक वर्गशिक्षकांकडे, पंपासकट.

आठवी पायरी: लसी

प्रदूषणाने खवळलेल्या श्वासनळ्यांत जंतू लवकर शिरतात. न्यूमोनियाविरोधी पीसीव्ही लस २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. हिब या जंतूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीत असतेच. सहा महिन्यांपुढे, विशेषतः दमेकरी मुलाला, दरवर्षी फ्लूची लस द्या. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

नववी पायरी: तक्रार करा, नोंदवून करा

उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये ५,००० रुपये दंड ठरवून दिला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली: भोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा नेणाऱ्या गाड्यांवर झाकण. यातलं काय पाळलं जात नाही ते फोटोत टिपा, तारीख-वेळ दिसेल असं. मुंबईत १९१६ला फोन करा, बाकी शहरांत महापालिकेच्या ॲपवर किंवा विभाग कार्यालयात लेखी द्या आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय सोडू नका. कारखान्याचा धूर असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. एकट्याच्या तक्रारीपेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर वीस सह्यांची तक्रार लवकर हलते. त्यात आपल्या इमारतीत किती मुलं पंप वापरतात तो आकडाही लिहा. सफाई कामगार पालापाचोळा पेटवताना दिसला तर त्याच्यावर ओरडू नका. बहुतेक वेळा कचरा उचलून न्यायला गाडीच दिलेली नसते, आणि तो धूर सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातो. तक्रारीत गाडीची मागणी करा.